तोंडात जाणारं पाणी वेगळं काढा

*ताई, आम्ही खारेगावात राहतो. चार मजल्यांची जुनी सोसायटी आहे, सोळा बिऱ्हाडं. आठ-दहा दिवस नळाच्या पाण्याला कुबट वास येत होता. वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांना जुलाब सुरू झाले तेव्हा सेक्रेटरींनी पाणी तपासायला दिलं. काल रिपोर्ट आला, ‘पिण्यास अयोग्य’. ई-कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, सापडलेत म्हणे. माझं बाळ सात महिन्यांचं आहे. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना शुगर आहे. मिस्टर म्हणतात, ‘आपल्याकडे आरओ आहे, टीडीएस चाळीस दाखवतोय, उगाच घाबरतेस.’ सासूबाई म्हणतात, तांब्याच्या कळशीतलं पाणी कधी बाधत नाही. मी काल रात्री एक वाजेपर्यंत टोपच्या टोप उकळत उभी होते. वीस मिनिटं उकळायचं असतं ना? सिलिंडर कसा पुरणार? आंघोळीचं, भांड्यांचं, देवाचं, सगळंच उकळायचं का? डोकं चालेनासं झालंय.*
*– एक वाचक, कळवा*

ताई, आधी गॅस बंद करा आणि जरा बसा. तुमची काळजी अगदी रास्त आहे, पण तुम्ही करताय त्यातलं निम्मं काम करायची गरज नाही. जे खरंच करायला हवं त्यातलं थोडं मात्र घरात कुणीच करत नसेल, असं पत्र वाचून वाटतं.

वीस मिनिटं उकळायची गरज नाही. पाण्याला खळखळून उकळी आली, मोठे बुडबुडे वर यायचे थांबेनात, की घड्याळाकडे बघून एक मिनिट मोजा आणि गॅस बंद करा. जुलाब, टायफॉइड, कॉलऱ्याचे जंतू सत्तर अंशांच्या पुढे भराभर मरतात. उकळी फुटेपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं, ते एक मिनिट खात्रीसाठी. दोन हजार मीटरच्या वर डोंगरात राहणाऱ्यांनी तीन मिनिटं धरायची असतात. आपण खाडीकाठची माणसं, आपल्याला एक पुरे. टोपावर झाकण ठेवून तापवा, उकळी लवकर येते. गार करतानाही झाकण तसंच राहू द्या, वरून बर्फ किंवा गार पाणी घालू नका. पाच-सहा माणसांच्या घराला दहा लिटरचा टोप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढ्यात भागतं. सिलिंडर पुरेल.

आता घरातलं पाणी मनातल्या मनात दोन वाटण्यांत टाका. एक तोंडात जाणारं, दुसरं न जाणारं. पहिलं उकळलेलंच हवं, दुसरं नळाचं चालतं. ‘तोंडात जाणारं’ म्हटलं की आपल्याला फक्त पेला दिसतो. खरी गफलत तिथेच होते.

डाळ, भात, चहा, आमटी, रस्साभाजी यांना आधी उकळलेलं पाणी लागत नाही. ते चुलीवर उकळणारच आहे. तिथला गॅस वाचवा. पण कोशिंबिरीची काकडी कशात धुतली? कोथिंबीर? पोहे घ्या. नळाखाली चाळणीत धुतले, दहा मिनिटं निथळत ठेवले आणि फोडणीत परतून नुसती एक वाफ आणली. त्या वाफेवर मी विसंबणार नाही, पोहे उकळून गार केलेल्या पाण्यानेच धुवा. मोड आलेली मटकी कच्ची खाणार असाल तर तिचं भिजवणही आलं. शिवाय चटणी वाटताना घातलेलं दोन चमचे पाणी, ताक, कोकम सरबत, सोलकढी, लोणी धुतलेलं पाणी. कणीकही उकळलेल्या पाण्यात मळा. पोळी भाजली जाते खरी, पण मळलेला गोळा तास-दोन तास पडून असतो आणि तेच हात पुढे दहा ठिकाणी लागतात. फ्रीजरमधला बर्फ आजच टाकून द्या. थंडीने हे जंतू मरत नाहीत, तसेच राहतात.

आणि दात घासणं. दिवसभर उकळलेलं पाणी पिणारा माणूस सकाळी बेसिनच्या नळाखाली ब्रश धरतो, ओंजळीने चूळ भरतो. हात आपोआप नळाकडे जातो, त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून आज बेसिनच्या नळाला एक लाल चिंधी बांधा आणि बाजूला झाकणाचा तांब्या भरून ठेवा. चिंधी डोळ्यांना टोचली की हात थांबतो. आरोग्य खात्यात असताना आम्ही वस्त्यांमधून हीच युक्ती सांगायचो. लहान मुलं तर मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात आणि मग तीच मोठ्यांना ओरडतात. मिस्टर दाढी करत असतील तर तेवढे दिवस त्याच तांब्यातलं पाणी घ्यावं, ब्लेडने कातडी सोलवटते. घरात कुणी जलनेती करत असेल तर ते पाणी मात्र नेहमीच, साथ असो वा नसो, उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं पाणी नाकात कधीच घेऊ नये.

थोडं माझ्या घरचं सांगते. माझी बहीण कोपरखैरण्याला राहायची. पावसाळ्यात तिच्या गल्लीत काविळीचे रुग्ण निघाले आणि तिने त्याच दिवसापासून पाणी उकळायला सुरुवात केली. तरी महिन्याभराने भाच्याचे डोळे पिवळे झाले. मी तेव्हा आरोग्य खात्यात नर्स होते, मला ते पटेना. दोन दिवस तिच्या स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. स्टीलचं पिंप होतं, स्वच्छ घासलेलं, पण तोटी गळायची म्हणून ती बंद करून टाकली होती. भाचा खेळून आला, झाकण उचललं, पेला आत बुडवला. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात. संध्याकाळी पिंप तळाला गेलं आणि उकळलेलं अजून गरम होतं, तेव्हा घरातल्याच एकाने नळाखालून तांब्याभर आणून ओतलं. ‘एवढंसं तर घातलं,’ म्हणाले. ‘अ’ प्रकारची कावीळ जंतू पोटात गेल्यावर दोन ते सात आठवड्यांनी दिसते, त्यामुळे ती नेमकी कुठल्या पेल्यातून आली हे कुणीच सांगू शकत नाही. पण बहिणीने इतके दिवस मेहनतीने उकळलेलं पाणी रोज संध्याकाळी पुन्हा नळाचंच होत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा ताई, उकळण्याइतकंच लक्ष पुढच्या प्रवासावर ठेवा. तोटी असलेलं पिंप असेल तर उत्तम. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते खिळ्याला टांगा, ओट्यावर ठेवू नका. पिंप पूर्ण रिकामं करून, आतून घासून, उकळत्या पाण्याने विसळूनच पुन्हा भरा. अर्ध्यावर भर घालायची नाही. उकळलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर झाडांना घाला. उकळल्यावर पाण्यात जंतूंना रोखणारं क्लोरीन राहत नाही, म्हणून बाहेरून काही पडलं तर ते बिनदिक्कत वाढतं.

बाळाबद्दल. अंगावर पाजत असाल तर ते चालूच ठेवा. जुलाब झाले तरी थांबवू नका. वरचं पावडरचं दूध देत असाल तर पाणी उकळून, ते अजून चांगलं गरम, सत्तर अंशांच्या वर असतानाच त्यात पावडर घाला, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. पावडरही निर्जंतुक नसते, त्यामुळे कोमट पाण्यात कालवणं चुकीचं. बाटली, बूच, वाटी, चमचा रोज उकळा. नाचणीचं सत्त्व, भाताची पेज चुलीवर शिजते, त्याची काळजी नको. आंघोळीला मात्र बाळाचं पाणी वेगळं, उकळून कोमट केलेलं घ्या. त्या वयाची मुलं आंघोळीत पाणी पितातच, ओला पंचा चोखतात. पाणी थोडंच असेल तर काही दिवस पुसून काढा.

तुमची आणि बाकीच्या मोठ्यांची आंघोळ नळाच्या पाण्याने होऊ द्या, तोंड मिटून. उघडी जखम असेल तर ती झाकून. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या पायांना भेग किंवा चीर असेल तर पाय उकळलेल्या पाण्याने धुवा. कपडे, फरशी, संडास यांना नळाचंच पाणी. गिझरच्या पाण्याला उकळलेलं समजू नका, ते तेवढं तापत नाही. भांडी साबणाने घासून नळाखाली धुवायला हरकत नाही, पण शेवटी गरम पाण्यातून काढा आणि पालथी घालून कोरडी खडखडीत होऊ द्या. ओल्या फडक्याने पुसू नका. आणि भांडीवाल्या मावशींना हे सगळं नीट समजावून सांगा, त्यांना प्यायला तुमच्याच पिंपातलं पाणी द्या. त्या कदाचित चार घरं करत असतील आणि प्रत्येक घरी नळाचंच पाणी पीत असतील.

आता मिस्टरांचं म्हणणं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे किती मिलिग्रॅम ते. पाणी खारट आहे की गोडं, हे त्यावरून कळतं. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. ग्लासभर पाण्यात आजारी पाडण्याइतके जंतू असले तरी आकडा चाळीसचा चाळीसच राहील. आरओचा पडदा जंतू अडवतो हे खरं, पण यंत्र धडधाकट असेल तर. शिवाय बऱ्याच यंत्रांत चव यावी म्हणून थोडं पाणी आरओला वळसा घालून पुन्हा मिसळतात. त्यापुढे जंतू मारणारा यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा असतो, तो जुना झाला असेल किंवा पाणी गढूळ असेल तर जंतू निसटतात. आतली टाकी शेवटची कधी साफ झाली, हे त्यांना प्रेमाने विचारा. यंत्र काढून टाकू नका, पण रिपोर्ट सुधारेपर्यंत त्यातून आलेलं पाणीही उकळा. तुरटीचंही असंच. ती गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही.

सासूबाईंना खोडून काढू नका. तांब्यात पाणी रात्रभर ठेवलं की जंतू कमी होतात, यात तथ्य आहे. पण सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात किती होतात आणि किती उरतात याचा भरवसा नाही, म्हणून त्यांच्या कळशीत उकळून गार केलेलंच पाणी भरा. सोवळ्याचा प्रश्न असेल तर पहाटेचा छोटा टोप त्यांनीच आपल्या हाताने चढवावा, देवाचं पाणी त्यातलंच. अभिषेकाचं तीर्थ आपण पळीभर घेतो आणि ते तोंडातच जातं. हे त्यांना सांगितलंत तर त्या तुमच्यापेक्षा काटेकोर होतील, माझा अनुभव आहे.

आणि हे सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही. टोप चढवणं-उतरवणं मिस्टरांकडे द्या. गरम पाण्याचा दहा लिटरचा टोप बाळ कडेवर घेऊन उचलणं मला धोक्याचं वाटतं. साथीच्या दिवसांत भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

एखाद्या दिवशी गॅसच संपला, तर मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या मेडिकलमध्ये, आरोग्य केंद्रात मिळतात. पाणी चौपदरी सुती कापडातून गाळून घ्यायचं, बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात औषध घालायचं, अर्धा तास थांबायचं. लवकर प्यायलं तर उपयोग नाही. फरशी पुसायचं वासाचं लिक्विड चुकूनही नको.

हे घरातलं झालं. पण सोसायटीने दुखणं शोधलं नाही, तर तुम्ही दिवाळीपर्यंत पाणी उकळत बसाल.

ठाण्याला भातसा, उल्हास आणि बारवी धरणाचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरब्याचं. हे पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघतं. बहुतेक वेळा ते बिघडतं वाटेत किंवा आपल्याच आवारात. पाणी चोवीस तास नसतं, शटडाऊन असला की पाइप रिकामा पडतो आणि बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त होतो. गटाराशेजारून गेलेल्या गंजक्या पाइपला भोक असेल तर मैला आत ओढला जातो. कुणी पंप थेट लाइनला जोडून पाणी खेचत असेल तर हे आणखी जोरात होतं. म्हणूनच पाणी सुटल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यात घाण पाणी येतं. ते टाकीत जाऊ देऊ नका.

सेक्रेटरींना सांगा, एक नमुना पुरेसा नाही, तीन घ्या. एक पाण्याच्या मीटरजवळ, टाकीत पडण्याआधीच्या पाण्याचा. दुसरा जमिनीखालच्या टाकीचा. तिसरा तुमच्या स्वयंपाकघरातला. पहिलाच खराब असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये, तेव्हा रिपोर्टची प्रत जोडून प्रभाग समितीत पाणीपुरवठा आणि आरोग्य, दोन्ही विभागांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पहिला चांगला आणि दुसरा खराब, तर दुखणं तुमच्या टाकीत. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात औषध घातलेलं असतं. ती विसळायची नाही, बुचाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेलेल्या नमुन्यावर कुणीच विश्वास ठेवू नये. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय चालत नाही. थोडेसेच आहेत, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

जुन्या सोसायट्यांत मी बरेचदा पाहिलेलं दृश्य असं : टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीच्या पातळीत, कडेची सिमेंटची पट्टी उखडलेली, चार हातांवर ड्रेनेजचा चेंबर. चेंबर तुंबला की पाणी उतार शोधत झाकणाकडे येतं. वॉचमन तिथेच बादल्या धुतो. पावसाची मोठी सर आली की आवारात उभे राहा आणि पाणी कुठे जातं ते बघा. झाकण जमिनीपासून वीतभर तरी उंच उचलून घ्यायला लावा, त्याला रबराची कड हवी.

टाकी साफ करताना एक गोष्ट हात जोडून सांगते. बंद टाकीत माणूस एकदम उतरवू नका. सगळी झाकणं उघडी ठेवून हवा खेळू द्या, पंख्याने आत हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस सतत हवा. डिझेल-पेट्रोलचा पंप आत नेऊ नका. आतला माणूस बेशुद्ध पडला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि दोघेही जातात. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी कुणाचा जीव घालवू नका.

धुऊन भरल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, फुटक्या पिशवीत पडून राहिली की उडून जातं. रोजच्या शुद्धीकरणासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वीस हजारांच्या टाकीला पन्नास ग्रॅम. पावडर तशीच फेकायची नाही. बादलीत पाण्यात कालवून दहा मिनिटं स्थिर ठेवायची, खाली चुना बसतो, वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं. अर्ध्या तासाने घरातल्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करा, पिवळी झाक यायला हवी. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन नळाशी शिल्लक हवं. पाण्याला पावडरचा वास येतो म्हणून सोसायटीत तक्रारी होतील. त्या वासाला सध्या घाबरू नका. गटार आत येत असेल तर मात्र पावडर कितीही घाला, ती पुरी पडणार नाही.

कुणाला जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस. एक पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चोवीस तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं असंच पाणी ड्रमने भरून लोकांना पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास माणसं मरत होती, ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तेव्हा ‘नुसतं पाणीच तर आहे’ म्हणू नका. सासूबाईंनाही द्या, शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा उलटी थांबेना, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या बाळाला मनाने देऊ नका. डॉक्टर झिंक देतील, ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. आणि महिना-दीड महिना ताप किंवा पिवळी लघवी यावर लक्ष असू द्या. टायफॉइड, कावीळ सावकाश येतात. शेजारी कुणी गरोदर असेल तर तिला आवर्जून सांगा, ‘ई’ प्रकारची कावीळ त्यांना फार जड जाते.

हे किती दिवस? दुरुस्ती झाल्यावर काही दिवसांच्या अंतराने घेतलेले लागोपाठ दोन रिपोर्ट चांगले येईपर्यंत. त्यानंतर घरातला प्रत्येक नळ पाच मिनिटं मोकळा सोडा, त्यांच्या तोंडाच्या जाळ्या काढून घासा, आरओची टाकी रिकामी करून फिल्टर बदला, सगळ्यांचे ब्रश नवे आणा. मग बेसिनची चिंधी सोडा.